वहीत रोज तोच चहा

पत्र

नमस्कार. मी मार्चमध्ये निवृत्त झाले. माहेर राजापूरजवळचं, लग्नानंतरची सगळी वर्षं डोंबिवलीत. आता सातव्या मजल्यावर राहतो. पूर्वेला ग्रिलची बाल्कनी आहे, तिथे साडेसातपासून दहा-साडेदहापर्यंत ऊन असतं. गेल्या वर्षी टोमॅटो आणि वांगी लावली, झाडं वाढली, पण फळ धरलं नाही. तुळस तर दर हिवाळ्यात मरते. लोक काय काय बोलतात त्यावर. सून बंगळूरला असते. तिने वाढदिवसाला एक सुंदर वही पाठवली. रोज रात्री त्यात तीन गोष्टी लिहायच्या, ज्यांच्याबद्दल कृतज्ञ वाटतं अशा. मी लिहायला लागले. चहा, पाऊस, तब्येत. मग परत चहा. आता वही उघडताना ओझं वाटतं आणि न उघडता झोपले तर अपराधी वाटतं. मी कृतघ्न आहे का? सात वर्षांची नात दिवाळीच्या सुटीत येणार आहे, आणि संक्रांतीला दीड वर्षाच्या नातवाचं बोरन्हाण इथेच करायचं ठरलंय. हलव्याचे दागिने घरी करावेत असं मनात आहे, पण कधी केले नाहीत. वेळ भरपूर आहे. कुठून सुरुवात करू?

– एक वाचक, डोंबिवली


उत्तर

ताई, नमस्कार.

आधी वहीचं बघू, कारण खरी टोचणी तीच आहे. कृतघ्न माणसाला वही न उघडल्याची खंत वाटत नाही. तो ती रद्दीत घालतो आणि शांत झोपतो. तुमचं दुखणं वेगळं आहे. पस्तीसेक वर्षं लोकल पकडून नोकरी केलेल्या बाईला रात्री दहाला स्वयंपाकघर आवरल्यावर बसून ‘कृतज्ञ वाटून घ्या’ म्हटलं, तर चहाच आठवणार. त्यात चहाचा दोष नाही आणि तुमचाही नाही.

सुनेचंही चुकलेलं नाही. या वह्यांमागे खरंच अभ्यास आहे. रॉबर्ट एमन्स आणि मायकल मॅककलॉ या अमेरिकेतल्या दोन मानसशास्त्रज्ञांनी २००३ साली तो प्रसिद्ध केला. अशी यादी करणाऱ्यांना आपल्या आयुष्याबद्दल एकूण बरं वाटत होतं, असं त्यांना दिसलं. पण त्यातल्या पहिल्या प्रयोगात विद्यार्थ्यांना आठवड्यातून एकदाच लिहायला सांगितलं होतं. रोज लिहायचा प्रयोग त्याच्या पुढचा. तेव्हा रोजच आणि तीनच हे काही व्रत नाही, उतलात-मातलात तर घेतला वसा टाकल्याचं पाप लागेल असं. आठवड्यातून एक वार ठरवा आणि बाकीचे दिवस वही मिटलेली राहू द्या.

आता काय लिहायचं ते. तुम्ही कोकणातल्या, म्हणून तुम्हाला ऋषिपंचमी वेगळी सांगायला नको. त्या दिवशी बैलाच्या कष्टाचं खायचं नाही. अळू, भेंडी, माठ, सुरण, भोपळा, जे माणसाच्या हातानं परसात पिकलं तेवढंच त्या भाजीत पडतं, आणि भात करायचा तर देवभाताचा, म्हणजे न नांगरता आपोआप उगवलेल्या भाताचा. वर्षभर ज्याच्या खांद्यावर आपण जेवतो, त्याचं एक दिवस खायचं नाही. यात ‘धन्यवाद, बैला’ असं कुणी म्हणत नाही, पण ताटात काय आहे आणि ते कुणाच्या श्रमानं आलं हे त्या दिवशी बाईला नेमकं ठाऊक असतं. पोळ्याच्या आदल्या दिवशी बैलाचे खांदे हळद-तुपानं मळतात तेही तसंच. जिथे जू बसतं, नेमकं तिथे. पाठीवर नाही, शिंगावर नाही.

मला वाटतं तुमच्या वहीला हे नेमकेपण हवंय. ‘तब्येत’ असं लिहिलं की हात थांबतो, कारण पुढे लिहायला काही उरत नाही. त्याऐवजी एकच गोष्ट घ्या आणि तिच्यामागे कोण आहे ते शोधत जा. सकाळच्या मेथीच्या जुडीत मुळांना माती होती की वाळू? कुठून आली असेल? भाजीवाली पहाटे किती वाजता निघते, हे तिला कधी विचारलंय? विचारा, आणि ते लिहा. आठवड्याला एक माणूस. आणि ज्याचं नाव वहीत आलं त्याच्यासाठी संक्रांतीपर्यंत हातानं काहीतरी करायचं, असं ठरवा. ते काय करायचं याकडे मी येणारच आहे, पण त्याआधी बाल्कनी, कारण तिची घाई आहे. पितृपक्ष संपत आलाय आणि पेरणीचे बरे दिवस आत्ताच आहेत.

टोमॅटो-वांग्याचं दुःख करू नका. फळभाजीला रोज सहा तास तरी थेट ऊन लागतं. तीन तासांत झाड पानं काढतं, उंच वाढतं, फुलंही दाखवतं आणि तिथेच थांबतं. खत कितीही घाला. तुमच्या बाल्कनीचं पीक म्हणजे पान. कोथिंबीर, मेथी, पुदिना, पानांचा ओवा, अळू, विड्याचं पान. नागवेलीला तर कडक ऊन नकोच असतं. पूर्वेचं कोवळं ऊन, ओलसर हवा आणि चढायला ग्रिल, एवढं मिळालं की ती खूश. हळदीकुंकवाला विड्याची पानं विकत आणावी लागणार नाहीत. पातोळ्यांसाठी कुंडीत हळद लावली असेल तर थंडीत तिची पानं पिवळी पडून वाळतील. ती मेली म्हणून उपटून टाकू नका, खाली कंद धरलाय.

मेथीसाठी मी तुम्हाला समुद्रमेथी सुचवेन. मुंबईच्या किनाऱ्यालगत वाळूत वाढवलेल्या त्या बारक्या जुड्या तुम्ही नक्की आणल्या असतील. त्यात निराळं बियाणं वगैरे काही नसतं, आपली डब्यातली मेथीच. पसरट ट्रे किंवा जुनी फुटकी परात घ्या, खाली भोकं पाडा, तीन-चार बोटं वाळूमिश्रित माती घाला, रात्रभर भिजवलेले मेथीदाणे दाट पसरा आणि वर मातीचा पातळ थर. दोन-तीन दिवसांत कोंब दिसतात आणि दोन-अडीच आठवड्यांत मुळासकट उपटून भाजी. एका ट्रेमध्ये दोघांपुरती होईल न होईल, पण लगेच दुसरा ट्रे पेरता येतो. कोथिंबिरीला धीर धरा. धणे लाटण्यानं हलके रगडून दोन दळं वेगळी करायची, मग भिजवायचे. तरी उगवायला आठ-दहा दिवस घेतात, आणि नेमक्या सातव्या दिवशी माणूस ‘बी खराब होतं’ म्हणून माती उकरतो.

कुंड्या ग्रिलच्या बाहेर ठेवू नका. बारा इंची कुंडी ओल्या मातीसकट वीस किलोच्या आसपास भरते आणि खाली लोकांची ये-जा असते. आत, जमिनीवर किंवा भिंतीलगतच्या मांडणीवर ठेवा. मातीत निम्मा कोकोपीट, म्हणजे नारळाच्या काथ्याचा भुसा, आणि घरचं खत मिसळलं की वजनही उतरतं. घरच्या खताचा फार बाऊ करू नये. भोकं पाडलेली बादली, एक थर भाजीच्या देठा-सालींचा, त्यावर दुप्पट सुकी पानं, एवढंच. वास आला तर सुकी पानं कमी पडली असं समजायचं. कोल्हापूरचे श्रीपाद अच्युत दाभोळकर गणिताचे प्राध्यापक होते. त्यांनी ‘प्रयोग परिवार’ उभा करून साध्या शेतकऱ्यांना आपापल्या बांधावर मोजमाप घेत प्रयोग करायला शिकवलं. पालापाचोळा जाळू नका, त्याचीच माती करा, हा त्यांचा आग्रह होता. नवरात्राचं निर्माल्यही या बादलीत चालतं. फक्त हारातला दोरा, जर आणि प्लास्टिकचे मणी आधी काढा.

आता तुळस. तिच्या मरण्यावरून कोणी घराबद्दल काही बोलत असेल तर त्यांना खालचं भूगोलाचं सांगा.

२३ सप्टेंबरच्या सुमारास सूर्य बरोबर पूर्वेला उगवतो आणि मग रोज थोडा थोडा दक्षिणेकडे सरकतो. डिसेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात आपल्याकडे तो पूर्वेच्या सुमारे पंचवीस अंश दक्षिणेला उगवतो. म्हणजे बाल्कनीत उभं राहून बाहेर बघितलंत तर उजवीकडून ऊन येतं. बाल्कनीला उजव्या हाताला भिंत असेल तर तिची सावली नेमकी उजव्या कोपऱ्यात पडते. तुमची तुळस उजव्या कोपऱ्यात आहे का? असेल तर दिवाळीनंतर तिला फार तर तासभर ऊन मिळत असणार, आणि पाणी मात्र पूजेचं म्हणून रोज तांब्याभर. खाली ताटली असली तर तेही निचरत नाही. मुळं कुजतात. वर मंजिऱ्या खुडायचा कंटाळा केला की झाड सगळी ताकद बियांत घालतं आणि खालून काष्ठ होत जातं. तेव्हा नवरात्रातच कुंडी डाव्या, म्हणजे उत्तरेकडच्या टोकाला हलवा. ताटली काढा. पूजेला रोज पळीभर पाणी पुरे, पोटभर पाणी बोट खुपसून माती कोरडी लागली तरच. दूध, हळद, कुंकू आणि निरांजन, हे सगळं खोडाच्या बुंध्याशी न करता शेजारी एका दगडावर केलं तरी तुळशीची काही हरकत नसते.

तरीही तुळस हे जन्माचं झाड नाही. दोन-तीन वर्षांत ते म्हातारं होतंच. आपल्या आज्यांनी वृंदावनात ती पिढ्यान्‌पिढ्या टिकवली असं वाटतं, कारण पडलेल्या बियांतून नवी रोपं येतच राहायची आणि मोठी झालेली कुणाच्या ध्यानातही यायची नाहीत. तुम्ही ते मुद्दाम करायचं. आत्ता, हवा उबदार आहे तोवर, मंजिरी नसलेली पाच-सहा बोटं लांबीची कोवळी टोकं कापा, खालची पानं काढा आणि पाण्याच्या बाटलीत ठेवा. पाणी दोन दिवसांनी बदला. आठवड्या-दोन आठवड्यांत पांढरी मुळं फुटतात. रविवारी आणि द्वादशीला तुळस तोडत नाहीत, तो नेम पाळत असाल तर दुसरा वार बघा. डझनभर टोकं घ्या, त्यातली आठ तरी लागतील. ती मातीत लावून वाढवा, म्हणजे संक्रांतीला हाताशी आठ रोपं असतील.

आणि इथे तुमच्या वहीतली माणसं येतात. संक्रांतीच्या वाणात हल्ली आपण एकमेकींना काय देतो? प्लास्टिकची डबी, चाळणी, साबणाची केस. दहा घरच्या दहा डब्या आपल्या फडताळात आणि आपल्या दहा दुसऱ्यांच्या. तुमचं वाण तुळशीचं रोप असू द्या, करवंटीतलं. नारळाची करवंटी आतून-बाहेरून काथ्या काढून घासायची, खिळा तापवून डोळ्यांत भोक पाडायचं, बाहेरून खोबरेल तेलाचा हात फिरवला की काळीभोर चकाकते. दोन महिने रोज एक नारळ कुणी फोडत नाही, म्हणून आजपासून जमवायला घ्या. शेजारपाजारही देईल. रोप करवंटीत शेवटच्या तीन आठवड्यांपुरतंच ठेवा, मुळांना तिथे फार जागा नाही. देताना घरी गेल्यावर मोठ्या कुंडीत लावायला सांगा.

कुणाला द्यायचं ते वहीच सांगेल. भाजीवाली, कचरा न्यायला येणारी मुलगी, रात्रपाळीचा वॉचमन, औषधाच्या दुकानातला पोऱ्या जो गोळ्या घरपोच आणतो. हळदीकुंकू म्हटलं की बोलवायच्या बायकांची एक यादी असते आणि न बोलवायच्या बायकांची दुसरी, ती कुणी लिहीत नाही पण सगळ्यांना पाठ असते. ही दुसरी यादी तुमच्या घरात असेल तर यंदा बंद करा. नवरा गेलेल्या शेजारणीला रोप द्यायला कुठलंही शास्त्र आड येत नाही, आलं तर त्याला बाहेर थांबायला सांगा. संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंत वेळ असतो, सगळ्यांना एकाच संध्याकाळी बोलवायचीही गरज नाही.

मधल्या सणांचं थोडक्यात सांगते.

घट बसवत असाल तर त्यातल्या धान्याकडे यंदा बी तपासल्यासारखं बघा. रब्बीच्या तोंडावर घरचं बियाणं किती उगवतंय हे घटात कळायचं, असं जुनी शेतकरी माणसं सांगतात. दसऱ्याला तेच तुरे टोपीत नाहीतर वेणीत. दसऱ्याच्या तोरणातली झेंडूची फुलं सुकली की पाकळ्यांखालचं काळं-पांढरं बी काढून ठेवा आणि ऊन बरं येतं त्या टोकाला पेरा. संकरित फुलाचं बी असेल तर आईसारखं फूल येईलच असं नाही, पण काहीतरी पिवळं-केशरी मार्गशीर्ष-पौषात बहुधा येईल. आपट्याच्या फांद्या मात्र विकत घेऊ नका. ओरबाडलेलं झाड वर्षभर तसंच उभं असतं, आणि बाजारात पुष्कळदा आपटा म्हणून कांचनच गळ्यात मारतात.

‘नवं’ तुम्ही शहरात आल्यावर बांधलंत का कधी? भाताची लोंबी, नाचणीचं कणीस, आंब्याचं पान, कुरडूचा तुरा, झेंडूचं फूल, सगळं एकत्र दोऱ्यानं बांधून दाराला आणि देव्हाऱ्याला लावायचं. कोकणात कुठे दसऱ्याला बांधतात, कुठे कोजागरीला, म्हणूनच तिला नवान्न पौर्णिमाही म्हणतात. गोव्यात ख्रिस्ती गावांतही ऑगस्टमध्ये भाताची पहिली कणसं समारंभानं चर्चमध्ये नेतात. पीक एक, हात एक, देव वेगळा. दादरच्या फुलबाजारात दसऱ्याच्या आधी भाताच्या लोंब्या मिळतात, कुरडू कुठल्याही मोकळ्या प्लॉटवर या दिवसांत उभा असतो. तुमच्या सगळ्या प्रश्नांना, म्हणजे हातानं काहीतरी करणं, उगवलेल्याशी नातं आणि उपकार मानणं या तिन्हीला, ही एकच जुडी पुरते. ती बांधाल त्या दिवशी वही उघडली नाही तरी चालेल.

नात आली की किल्ला. सोसायटीच्या आवारात करायचा तर सेक्रेटरींना आधी विचारा, नाहीतर बाल्कनीत मोठ्या पाटावर करा. विटा-दगडांवर गोणपाट, त्यावर चिखल. चिखल ओला असतानाच अळीव टाका. पाणी लागलं की अळिवाचा दाणा बुळबुळीत होऊन चिकटतो, म्हणून उतारावरही घसरत नाही, आणि तीन-चार दिवसांत गड हिरवा होतो. नातीला रोज सकाळी उठून बघायला काहीतरी होतं. मावळे बाजारातलेच आणा, त्यात कमीपणा नाही. दिवाळीनंतर किल्ल्याची माती कुंड्यांत जाते. आकाशकंदिलाला बांबूच्या कामट्या, पतंगी कागद आणि कणकेची खळ. खळीत जुन्या पद्धतीनं मोरचूद घालू नका, ते विष आहे आणि हाताशी लहान मूल आहे. दिवा एलईडी, कमी वॅटचा. कंदील वाकडा झाला तर नातीचा म्हणून सांगता येतं.

आणि आता हलवा. ताई, हे प्रकरण सोपं नाही, पण तुमच्याजवळ जे आहे ते याला लागतं, वेळ. डिसेंबरच्या मध्यावर सुरुवात करा. संक्रांत १४ जानेवारीला, एखाद्या वर्षी १५ला. त्याआधी हलवा तयार होऊन दागिने बांधायला आठवडाभर हातात राहिला पाहिजे.

मधला दाणा कुठलाही घ्या. तीळ किंवा खसखस बारीक हलव्याला, साबुदाणा मध्यमाला, शेंगदाणा आणि लवंग मोठ्याला. तीळ दोन-तीन चमचेच घ्या. मूठभर घेतलेत तर प्रत्येक तिळाला साखर चढता चढता मार्च येईल. साखर बुडेल इतकं पाणी घालून पाक करायचा, उकळी आली की चमचाभर दूध घालून वर येणारी मळी काढून टाकायची, आणि एकतारी व्हायच्या किंचित आधी उतरवायचा. जाड बुडाची पसरट कढई किंवा पितळी परात अगदी मंद आचेवर. तीळ कोमट झाले की चमचाभर पाक, एकाच जागी न ओतता शिंपडल्यासारखा, आणि लगेच बोटांनी हलवायला लागायचं. गोल, सावकाश, तळापासून. सगळे दाणे कोरडे होऊन एकमेकांपासून सुटले की पुढचा चमचा. तोवर नाही. इथेच सगळे घाई करतात. पाक जास्त झाला तर दाण्यांचे गोळे होतात, आच जास्त झाली तर चढलेली साखर वितळून पिवळी पडते. खाली साखरेची भुकटी साठते ती चाळून काढायची, नाहीतर तीच दाण्यांना बुजवते. भुकटी फुकट जात नाही, पुढच्या पाकात घाला.

पहिल्या दिवशी नुसता पांढरा लेप दिसेल. दुसऱ्या दिवशी दाणा जरा फुगेल. काटा धरायला पुढचे दिवस लागतात, आणि त्याला थंड, कोरडी हवा हवी. म्हणून पहाटे करा, पंखा बंद, खिडकी अर्धी उघडी. आभाळ आलेलं असेल त्या दिवशी कढई चढवूच नका, डोंबिवलीची हवा आधीच दमट. रोज तास-दीड तास, मग कापडावर पसरून घट्ट झाकणाच्या डब्यात. सात-आठ दिवसांनी साबुदाण्यावर टोकदार काटे दिसायला लागले की तुम्हाला स्वतःशीच हसू येईल. नाही दिसले, गुळगुळीत राहिले, तरी दागिन्यात फार फरक पडत नाही. रंग हवा असेल तर शेवटच्या दिवशी थोडा हलवा वेगळा काढून केशराचा एक हात द्या.

हलवा टोचून ओवायला गेलात तर फुटतो. दाण्याला दोऱ्याचा फास घालून गाठ मारायची आणि असे दाणे एकामागून एक बांधत जायचे, किंवा काळं कापड चिकटवलेल्या पुठ्ठ्यावर नक्षीत बसवायचे. मुलग्याला मुकुट, बाजूबंद, कमरपट्टा, हार आणि बासरी. सगळं एकदम करू नका. मुकुट आणि बासरी झाली तरी फोटोपुरता कृष्ण होतो, कारण दीड वर्षाचा मुलगा बाकीचं अंगावर पाच मिनिटं ठेवणार नाही. काळं झबलं सुनेला शिवून आणायला सांगा.

बोरन्हाणाबद्दल एक गोष्ट कडकपणे सांगते. बोरं, शेंगदाणे, हलवा, गोळ्या, हे सगळं दीड वर्षाच्या मुलाच्या घशात अडकण्याजोगं आहे. त्याच्या डोक्यावरून चुरमुरे आणि झेंडूच्या पाकळ्या ओता. बोरं, ऊस, गोळ्या मोठ्या मुलांच्या हातात द्या, आणि त्याच्या आसपास सांडलेलं लगेच उचलायला एक मोठं माणूस नेमून ठेवा. दागिने फोटो झाले की उतरवायचे, चोखायला द्यायचे नाहीत. कुणी म्हणेल आमच्या वेळी असलं काही नव्हतं. म्हणू दे.

तिसऱ्या-चौथ्या दिवशी हात भरून आले, कंटाळा आला, तर खुशाल सोडा आणि बाजारातून तयार हलवा आणून दागिने तेवढे घरी बांधा. पण एकदा का त्या कढईपुढे बसून झालं, की पाव किलो हलव्याचा भाव ऐकून ‘इतका?’ असं पुन्हा तोंडातून यायचं नाही. तो हलवा ज्यांनी केला त्यांचं नाव आपल्याला कळणार नाही. वहीत त्या आठवड्याला ‘हलवेवाली’ एवढं लिहा.

सुनेला काय सांगायचं, हे तुम्ही विचारलं नाहीत, पण पत्रात दिसतं. लपवू नका. तिला फोनवर सांगा की वही आवडली, रोज जमत नाही, मी ती माझ्या पद्धतीनं वापरतेय. पहिलं पान झालं की त्याचा फोटो पाठवा. आणि तिलाही एक काम लावा. बंगळूरला गॅलरीत ऊन किती वाजता येतं आणि किती वाजता जातं, ते एका रविवारी बघून कळवायला सांगा. संक्रांतीला आठातलं एक रोप तिच्या नावाचं आहे, आणि करवंटीत ते रेल्वेनं आरामात जातं.